"याला ठाण्याला पाठवा": निदान कुणाचं, आणि कुणाच्या भाषेत?

खाडीकाठची

मी ठाण्याचीच. लहानपणी मामाकडे गिरगावात गेलं की चाळीतली पोरं हमखास विचारायची, "ठाण्याहून आलीस? सोडलं का तुला?" इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे ही चेष्टाही तेवढीच जुनी. तेव्हा ठाण्याचं नाव घेतलं म्हणून राग यायचा. आता अकरा वर्षं समुपदेशक म्हणून काम केल्यावर त्या वाक्यातलं "पाठवा" जास्त टोचतं. कुणाला पाठवायचं हे कोण ठरवतं, आणि कशावरून?

धागा काढायचं कारण एक मुलगा. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून लिहिते. येऊरच्या एका पाड्यावरचा, बाविशीचा, वारली. आई निळ्या पिशवीत घडी करून ठेवलेला केसपेपर घेऊन माझ्यासमोर बसली होती. त्यावर लिहिलं होतं: भास होतात, एकटाच बोलतो, संशयी, निदान स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार. चार महिने गोळ्या चालू. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, आणि तो दिवसभर झोपून असायचा.

शाळा शिकलेली त्याची वहिनी सोबत आली होती, तिच्या मदतीने दीड तास बोललो. "भास" म्हणजे काय, तर "आजा येतो, उशाशी बसतो." आजोबा गेल्याला वर्षही झालेलं नाही. त्या घरात हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं, आईनेही मान डोलावली. "संशयी" म्हणजे काय, तर रात्री परतताना त्याला दोनदा अडवून झडती घेतली होती आणि तेव्हापासून तो त्या रस्त्याने जात नव्हता. त्याच काळात बंगल्यावरचं माळीकाम सुटलं. धाकटा भाऊ तापाने गेला. पहाटे तीनला जाग येते, भाकरी गिळवत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

मग मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" तो बराच वेळ बाकाच्या फळीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "रोज."

चार महिन्यांच्या केसपेपरवर हा प्रश्न कुठेही नव्हता.

आता दुसऱ्या तज्ज्ञांनी त्याला नीट तपासलंय. निदान बदललं: तीव्र नैराश्य. औषधं बदलली. अजून बराच पल्ला आहे, पण तो उठून बसतो, आणि परवा वहिनीशी भांडला म्हणे. मला ते भांडण ऐकून बरं वाटलं.

याच सुमारास अमेरिकेतल्या काळ्या रुग्णांबद्दल वाचत होते. तिथे काळ्या माणसांना स्किझोफ्रेनियाचं निदान गोऱ्यांच्या तुलनेत सरासरी तीन ते चार पट जास्त वेळा मिळतं, आणि नैराश्याचं कमी. रटगर्स विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की तीव्र नैराश्याची लक्षणं असलेल्या काळ्या रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसण्याची शक्यता जास्त. वाचताना सारखी ती निळी पिशवी डोळ्यांसमोर येत होती.

तुमचे अनुभव लिहा. ज्यांना काम माहीत आहे त्यांनी चुकत असेन तिथे दुरुस्त करा.

आणि हे आधीच लिहिते: वाचताना कुणाला स्वतःबद्दल काही जाणवलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

वाशीची_मेधा

फार आतून लिहिलंयस. एक शंका. मी वाचलं होतं की अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आहे. मग निदान चुकलं तरी धोका कमीच, असं नाही का होत?

---

खाडीकाठची

मेधा, याच समजुतीने नुकसान केलंय. २०२१ चे आकडे बघ, लाखामागे: गोरे १७.४, काळे ८.७, आशियाई ६.८. सगळ्यात वर अमेरिकेतले मूळनिवासी, २८.१. सरासरी पाहिली तर तुझं बरोबर.

पण वय लावलं की चित्र बदलतं. गोऱ्यांमध्ये धोका मध्यम वयात आणि म्हातारपणी जास्त, काळ्यांमध्ये तरुणपणी. १० ते २४ वयाच्या काळ्या मुलांमध्ये २०१८ ला दर ८.२ होता, २०२१ ला ११.२. तीन वर्षांत छत्तीस टक्क्यांहून जास्त वाढ. त्याहून लहान, पाच ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये काळ्या मुलांचा दर गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला, हे २०१८ मध्ये छापून आलं. "हा आपल्याकडचा प्रश्न नाही" हे चर्चमध्ये, घरात आणि दवाखान्यातही इतकी वर्षं धरून चाललेलं, त्यामुळे त्या पोरांना कुणी विचारलंच नाही.

नैराश्याचंही तसंच. २००७ मध्ये छापलेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी तीव्र नैराश्य आलेले गोरे साधारण १८ टक्के, आफ्रिकी-अमेरिकन १० टक्के. पण एकदा आलं की ते काळ्यांमध्ये जास्त काळ टिकून राहतं, आणि ज्यांना ते झालं त्यातल्या निम्म्यांनाही उपचार मिळालेले नव्हते. आकडा कमी, दुखणं चिवट.

आपल्याकडे बघ. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात केरळचा आत्महत्येचा दर २८.५ आणि बिहारचा ०.६. बिहारात माणसं इतकी सुखी आहेत असं तुला वाटतं का? नोंद होते तिथे आकडा दिसतो.

---

अनघा_मिशिगन

मी इथे एका रुग्णालयात परिचारिका आहे, माहेर नौपाडा. तू लिहिलेलं मी दर आठवड्याला बघते.

सोळा वर्षांचा काळा मुलगा आला, मोठ्याने बोलतोय, कुणी हात लावला तर झटकतोय. नोंदीत "आक्रमक" हा शब्द पहिल्या ओळीत येतो. तशाच वागणाऱ्या गोऱ्या मुलाच्या नोंदीत "अस्वस्थ, घाबरलेला." मी स्वतःही तसं लिहिलंय. पहिल्या वर्षी एका वरिष्ठ काळ्या परिचारिकेने माझी वही पुढ्यात ठेवून विचारलं, "हा शब्द कुठून आणलास?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून विशेषण लिहायच्या आधी मी थांबते. काय केलं ते लिहिते, कसा आहे ते लिहीत नाही.

याला इतिहास आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामीतून पळून जाणाऱ्या माणसांसाठी "ड्रेपटोमेनिया" हा आजार शोधून काढला. पळावंसं वाटणं हा रोग! १८४० च्या जनगणनेत उत्तरेकडच्या स्वतंत्र काळ्या लोकांमध्ये वेडाचं प्रमाण भयंकर दाखवलं होतं. एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरने तपासलं, तर काही गावांत जितके काळे लोक राहत होते त्याहून जास्त काळे वेडे नोंदलेले. तरी तो आकडा गुलामगिरीच्या समर्थनासाठी वापरला गेलाच. आणि १९७४ मध्ये हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची एक जाहिरात मानसोपचाराच्या नियतकालिकात आली, त्यात मूठ आवळलेला रागावलेला काळा माणूस. नागरी हक्कांच्या आंदोलनांनंतरची ती वर्षं. राग आणि आजार यांची गाठ तेव्हा अशी मारली गेली, ती अजून सुटलेली नाही.

---

घोडबंदरवाला

दोन्ही बाजू बघायला हव्यात. प्रत्येक फरक डॉक्टरांच्या पूर्वग्रहावर ढकलणं बरोबर नाही. इंग्लंडमधल्या अभ्यासात लक्षणं नीट मोजूनसुद्धा आफ्रो-कॅरिबियन, म्हणजे वेस्ट इंडीजमधून आलेल्या काळ्या लोकांमध्ये स्किझोफ्रेनिया कितीतरी पट जास्त निघाला होता. जनुकीय काही नसेलच कशावरून?

---

खाडीकाठची

रास्त प्रश्न आहे. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमधला तो अभ्यास २००६ चा, प्रमाण नऊपट निघालं होतं. नुसत्या चुकीच्या निदानाने एवढा फरक पडत नाही, हे मीही मानते. आजार तिथे खरंच जास्त आहे.

पण जनुकांमुळे असता तर जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस इथेही तेवढाच दिसायला हवा. १९९० च्या दशकात तिन्ही ठिकाणी मोजलं, तिथे तो तसा दिसला नाही. म्हणजे इंग्लंडला येऊन बोटीतून उतरल्यानंतर काहीतरी होतं. दक्षिण लंडनमध्ये असंही आढळलं की ज्या वस्तीत आपल्यासारखी माणसं कमी, तिथे राहणाऱ्या अल्पसंख्याकांमध्ये आजाराचं प्रमाण जास्त. एकटं पडणं, रोज डावललं जाणं, पोलिसांनी थांबवणं, हे शरीरात जाऊन बसतं.

आणि पूर्वग्रह नाहीच असंही नाही. फ्रेडरिक हिकलिंग हे जमैकाचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान झालेले २९ काळे रुग्ण स्वतः तपासले. ब्रिटिश डॉक्टरांशी त्यांचं एकमत झालं फक्त १६ जणांबाबत. उरलेल्या तेरांचं काय, हा विचार करून बघा. त्या तेरांत माझा येऊरचा मुलगा बसला असता.

---

तुर्भे_ओपीडी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, नवी मुंबईत. धाग्यातलं बरंचसं मान्य, पण आमचीही बाजू ऐका. सकाळच्या ओपीडीत नव्वद रुग्ण. एकाला पाच-सहा मिनिटं. माथाडी कामगार येतो, बिगारी येतो, कुणी भोजपुरी बोलतो, कुणी कन्नड, कुणी वडारी. सोबत दुभाषी म्हणून शेजारी किंवा नवरा. बाईला नवऱ्यादेखत मी काय विचारणार? आणि ती तरी काय सांगणार? ती सांगते, "डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, अंगाची आग होते." नैराश्याची भाषा तिच्याकडे हीच आहे. "मन उदास आहे" हे वाक्य माझ्या पुस्तकातलं, तिच्या तोंडचं नाही. डॉक्टरने अंगाचीच औषधं दिली की ती वर्षभर बी-कॉम्प्लेक्स आणि पेनकिलरवर फिरते. स्किझोफ्रेनियाचं खोटं निदान दिसतं तरी. हे न झालेलं निदान दिसतही नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे ते फार मोठं आहे.

निदान डॉक्टरवर अवलंबून असतं हे आमच्या शास्त्राला नवं नाही. साठच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णालयांची तुलना झाली. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनिया कितीतरी जास्त. दोन्हीकडे एकाच पद्धतीने मुलाखती घेतल्यावर तो फरक बराचसा विरघळला. रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांच्या व्याख्या वेगळ्या होत्या.

आता घोडबंदरवाल्यांसाठी, जनुकांचा फरक खरोखर असलेलं एक उदाहरण. क्लोझापिन हे औषध स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करतं. अमेरिकेत २००२ पासून त्याला खास त्यासाठी मान्यता आहे. पण त्यात पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांमध्ये या पेशी जन्मतःच थोड्या कमी असतात, आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. त्यामागचं जनुक व्हायवॅक्स मलेरियापासून संरक्षण देणारं आहे. पेशी किती खाली गेल्या की औषध थांबवायचं, ही मर्यादा मात्र गोऱ्यांच्या रक्तावरून ठरवलेली. त्यामुळे अनेक काळ्या रुग्णांना हे औषध दिलंच गेलं नाही, किंवा मध्येच बंद केलं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यासाठी वेगळी मर्यादा ठरवली. म्हणजे जनुकांत फरक होता, पण आजार त्यामुळे वाढला नव्हता. फरक लक्षात न घेतल्यामुळे जीव वाचवणारं औषध हातातून गेलं.

---

वाशीची_मेधा

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. माझा मुलगा आयटीत आहे, तो म्हणतो आता संगणकच सांगेल कोण धोक्यात आहे ते.

---

तुर्भे_ओपीडी

तेही तपासून झालंय. अमेरिकेतल्या रुग्णनोंदींवरून आत्महत्येचा धोका वर्तवणारी मॉडेल्स २०२१ मध्ये वंशानुसार वेगवेगळी करून पाहिली. गोरे, हिस्पॅनिक आणि आशियाई रुग्णांमध्ये ती चांगली चालली. काळे आणि मूळनिवासी रुग्णांमध्ये फारच कमी पडली. कारण साधं आहे. जे लोक दवाखान्यात येत नाहीत, किंवा आले तरी ज्यांचं नैराश्य कागदावर येत नाही, त्यांच्याबद्दल यंत्र शिकणार कशावरून? खाडीकाठचीच्या त्या केसपेपरवर यंत्र चालवलं असतं तर त्यालाही "रोज" ऐकू आलं नसतं.

---

सुहास_घणसोली

आगरी माणूस आहे, सरळ लिहितो. आमच्या जमिनी सिडकोत गेल्या तेव्हा माझा बाप तिशीत होता. पैसा आला, गाडी आली, सकाळी उठून जायला शेत मात्र राहिलं नाही, मिठागर राहिलं नाही. संध्याकाळ बाटलीत गेली. सगळे म्हणायचे, पैशाचा माज. आता वाटतं, कुणी डॉक्टरने त्याला विचारलं असतं, "दिवसभर काय करता हो दादा?" तर तो रडला असता.

आईच्या अंगात यायला लागलं ते त्याच काळात. दर मंगळवारी. बायका पाया पडायच्या, ओटी भरायच्या. एका डॉक्टरने दोन मिनिटांत हिस्टेरिया लिहून चिठ्ठी दिली आणि मला, पंधरा वर्षांच्या पोराला, बाहेर बोलावून म्हणाला, "नाटक आहे, लक्ष देऊ नका." ते वाक्य मी विसरलो नाही. आठवड्यातल्या त्या एका तासात माझी आई मोठ्याने बोलायची आणि घरातले पुरुष गप्प बसून ऐकायचे. बाकी सहा दिवस तिला कोण ऐकत होतं?

आई आता बरी आहे, सत्तरीत. बाप २००९ ला गेला, लिव्हरने. दाखल्यावर लिव्हरच लिहिलंय.

---

खाडीकाठची

सुहासदादा, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. अशी किती मरणं लिव्हर म्हणून, अपघात म्हणून, तापाने म्हणून लिहिली जात असतील. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ ला छापलेल्या अभ्यासाने घरोघरी विचारून २०१० मधल्या भारतातल्या आत्महत्यांचा अंदाज केला, तो १ लाख ८७ हजारांच्या आसपास निघाला. त्याच वर्षीची पोलिसांची नोंद सुमारे १ लाख ३५ हजार. मधली बावन्न हजार माणसं कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या रकान्यात गेली.

अमेरिकेतही काळ्या व्यक्तीचा असा मृत्यू "हेतू अनिश्चित" या रकान्यात जाण्याची शक्यता जास्त, असं संशोधक सांगतात.

---

भीमनगर_ते_ऐरोली

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. अमेरिकेत निदान वंशवार आकडे तरी आहेत, म्हणून तिथे भांडता येतं. आपल्या गुन्हे नोंदणी विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, लग्न झालंय की नाही, सगळ्याची कोष्टकं असतात. दरवर्षी निघणाऱ्या त्या पुस्तकात जातीचं कोष्टक मला सापडत नाही. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ माणसं गेली, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त, २२ हजार ७४६. चारातला एक रोजंदारीवरचा. रोजंदारीवर कोण असतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागद ते सांगत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेलो होतो. म्हटलं, रूममेट आडनाव विचारून झाल्यावर ताट वेगळं ठेवतात, झोप येत नाही. त्या म्हणाल्या, "तू फार सेन्सिटिव्ह आहेस, पॉझिटिव्ह विचार कर." पुन्हा गेलो नाही. खाडीकाठची, तुमच्या त्या मुलाच्या झडतीला "संशयी" म्हणणं आणि माझ्या ताटाला "सेन्सिटिव्ह" म्हणणं एकाच घरचं आहे.

---

खाडीकाठची

दादा, आमच्या प्रशिक्षणात जातीचा तास नव्हता. "क्लायंटच्या भावनांकडे लक्ष द्या" एवढंच शिकवलं. तुमच्या त्या बाईंच्या जागी मी असते, पहिल्या वर्षी, तर मीही बहुतेक तेच म्हणाले असते. आता नाही म्हणणार. आता ताट कुठे ठेवतात हे आधी विचारेन, झोपेचं नंतर.

---

मौन_राग

खातं काढून तीन वर्षं झाली, पहिल्यांदा लिहितोय. मी कळव्याला राहतो. लॉकडाउननंतर नोकरी गेली तेव्हा माझीही त्या येऊरच्या मुलासारखीच अवस्था होती. फॅमिली डॉक्टरकडे ॲसिडिटीसाठी गेलो. त्यांनी पोट दाबून बघितलं, मग स्टूल ओढून जवळ बसले आणि विचारलं, "काय रे, जगायचा कंटाळा आलाय का?" अगदी असंच, घरातलं माणूस विचारतं तसं. मी तिथेच मोडलो. बाहेर अकरा पेशंट थांबले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

काही लोकांना वाटतं, विचारलं की माणसाच्या डोक्यात ते येतं. माझ्या डोक्यात ते दोन महिने होतंच. विचारल्यावर ते पहिल्यांदा बाहेर आलं.

---

तुर्भे_ओपीडी

मौन राग, लिहिलंत म्हणून आभार. विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनातही पुन्हापुन्हा दिसलंय. तुमच्या डॉक्टरांचं वाक्य मी उद्यापासून वापरणार आहे.

---

पाड्यावरची_बाई

मी येऊरच्या बाजूला आश्रमशाळेत सोळा वर्षं शिकवलं, आता निवृत्त. वारली चांगली येते. आजा उशाशी बसतो हे ऐकून मला मुळीच नवल वाटलं नाही. आमच्या मुलांचे कितीतरी आजे-आजी परीक्षेच्या आदल्या रात्री येऊन जायचे. पण एक सांगते, खाडीकाठची. येऊन नुसता बसतो हे ठीक. "चल माझ्याबरोबर" म्हणाला असेल तर ते वेगळं, पाड्यावरचे म्हातारेही त्याला घाबरतात. हे त्याला विचारलंत का? वहिनीसमोर नाही सांगणार तो. वहिनी घरातली आहे.

---

खाडीकाठची

बाई, नाही विचारलं. मला सुचलंच नाही. आत्ता लगेच त्याच्या डॉक्टरांना कळवते, आणि आज रात्री त्याला एकटं ठेवू नका असं घरी फोन करून सांगते. बुधवारी सकाळी साडेनऊला त्याला बोलावलंय. तुम्ही याल का? त्याला आधी विचारीन तुम्ही बसलेल्या चालतील का.

---

पाड्यावरची_बाई

विचारून घ्या. हो म्हणाला तर येते. नऊला पोचेन, त्याच्यासोबत बाहेर बाकावर बसेन थोडा वेळ. आत गेल्यावर लगेच नाही बोलायचा तो.

---

खाडीकाठची

फोन झाला. आई आज त्याच्या खोलीत झोपणार आहे, डॉक्टरांनी उद्याच बघतो म्हटलंय. तुमच्याबद्दल विचारलं, तर त्याने एवढंच विचारलं, "त्या शाळेतल्या बाई का?" मी हो म्हटलं. म्हणाला, "त्यांना माझा आजा ठाऊक आहे."